४५० वॅटचा जुना एसएमपीएस आणि १७० वॅटचं नवं कार्ड : कामाच्या नोंदी, इंदूर, मे २०२४

मशीन रामबागेतल्या एका छपाई-डिझाइनच्या दुकानातलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, एक साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे सीन ४ जीबीत मावेनासे झाले म्हणून आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, बसवायचं ठरलं. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना लागणाऱ्या व्होल्टेजांत बदलून देणारा डबा, २०१९ मध्ये मशीनबरोबरच आलेला, कंपनी साधारण. तो ठेवायचा की बदलायचा, एवढंच ठरवायचं होतं.

११ मे

जेल रोडच्या बाजारात भाव विचारला तेव्हा दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "भिया, साढ़े चार सौ का है, आराम से चलेगा." कार्डाच्या खोक्यावर मात्र ५५० वॅटचा एसएमपीएस लागेल असं छापलेलं. या दोन्ही आकड्यांवरून काहीच ठरत नाही. खोक्यावरचा आकडा कोणाकडे कुठला प्रोसेसर असेल, कसला एसएमपीएस असेल, हे माहीत नसताना सगळ्यांसाठी धरलेला असतो, म्हणून तो सैल असतो. आणि एसएमपीएसवरचे ४५० ही सगळ्या व्होल्टेजांची मिळून बेरीज असते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते १२ व्होल्टवर, तेव्हा बघायचं ते तेवढंच.

लेबल कॅबिनेटच्या बंद बाजूला होतं. मागचे चार स्क्रू काढून एसएमपीएस अर्धा बाहेर ओढला, मोबाइलने फोटो काढला. लेबलवर असं होतं:

३.३ व्होल्ट – २० अँपिअर
५ व्होल्ट – २० अँपिअर (वरच्यासह मिळून १५० वॅट)
१२ व्होल्ट, पहिली – १४ अँपिअर
१२ व्होल्ट, दुसरी – १५ अँपिअर (दोन्ही मिळून २८८ वॅट)
५ व्होल्ट स्टँडबाय – २.५ अँपिअर

इथे पहिली चूक झाली. १४ आणि १५ मिळून २९ अँपिअर, गुणिले १२ म्हणजे ३४८ वॅट, असा हिशोब वहीत लिहून ठेवला. तो खोटा आहे. दोन्ही लाइन एकाच वेळी पूर्ण क्षमतेने मिळत नाहीत. खाली बारीक अक्षरात 'मिळून' म्हणून लिहिलेला २८८ वॅट, म्हणजे २४ अँपिअर, हा खरा आकडा. ४५० च्या नावाखाली कामाचे २८८ हाती लागतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी क्षमता १२ व्होल्टवर मिळते. जुन्या आणि स्वस्त मालात ३.३ आणि ५ व्होल्टचा वाटा फुगवून मोठा आकडा गाठलेला असतो, आणि आजच्या मशीनला त्या वाट्याचा उपयोग नाही.

गरजेचा हिशोब कागदावर: प्रोसेसरला टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेले वॅट, ६५ लिहिलेला असला तरी ३६०० सॉकेटवर ८८ वॅटपर्यंत ओढतो. मदरबोर्डावरच्या रेग्युलेटरची घट धरून ९७. कार्ड १७०, यात स्लॉटमधून येणारे आणि वायरमधून येणारे दोन्ही आले. हार्ड डिस्क ८, तीन पंखे ६, बोर्ड वगैरे १५. एकूण २९६. लेबल म्हणतं २८८.

१२ मे

कागदावर नापास, पण फरक ८ वॅटचा. म्हणून जुन्या कार्डासकट मोजून घेतलं. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घेतला, १,१५० रुपये. मल्टिमीटर होताच. मधला यूपीएस काढला, कॅबिनेट थेट भिंतीच्या बोर्डावर लावलं. यूपीएस मध्ये असला की वॅटमीटरमध्ये त्याचाही वापर मिसळतो.

नुसतं चालू: ५४ वॅट. फक्त प्रोसेसरवर ओसीसीटी (पूर्ण भार टाकून पाहणारा प्रोग्रॅम): १४१. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम: २३६. हे भिंतीतून ओढलेले वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत पोचतात साधारण १८९. कागदावर याच जोडणीचे दोनशेच्या वर येत होते, म्हणजे कागदी हिशोब थोडा चढाच होता.

१२ व्होल्ट मोजताना एक तास वाया गेला. सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅममध्ये मदरबोर्डाच्या सेन्सरवर ११.२ व्होल्ट दिसत होते, म्हणजे ११.४० या मर्यादेच्या खाली. एसएमपीएस मेला असं समजून वायरी काढून-लावून पाहिल्या. मग मल्टिमीटर लावला तर ११.९३. बोर्डाच्या सेन्सरचा आकडा नुसता अंदाज असतो, त्यावरून निर्णय घेऊ नये. खाली-वर किती होतं तेवढंच त्यावरून पाहावं.

मल्टिमीटर कुठे लावायचा यालाही महत्त्व आहे. मोकळ्या पडलेल्या मोलेक्समध्ये (जुन्या धर्तीचा चार पिनांचा प्लग) पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मोजलं तर त्या वायरीतून प्रवाह जातच नसतो, त्यामुळे एसएमपीएसच्या तोंडाचं व्होल्टेज दिसतं. वायर आणि पिनमधली घट पाहायची असेल तर भार असलेल्या प्लगच्या पाठीमागून प्रोब सरकवायचा. प्रोबचं टोक बारीक हवं, आणि ते शेजारच्या पिनला टेकू देऊ नये. मोकळ्या मोलेक्सवर आलेले आकडे: नुसतं चालू असताना १२.११, प्रोसेसरच्या भारावर ११.९३, दोन्हींच्या भारावर ११.७९.

१३ मे

मतदानाचा दिवस, बाजारात जाणं झालं नाही. वहीत हिशोब पुढे नेला.

भिंतीवरचे ५४ वरून २३६ होताना ०.३२ व्होल्ट पडले. नवं कार्ड जुन्यापेक्षा ९५ वॅट जास्त घेणार, म्हणजे भिंतीवर सुमारे ११९ जास्त. त्याच प्रमाणात आणखी ०.२१ पडतील आणि ११.५८ वर येऊन थांबेल. मर्यादा ११.४० (१२ च्या ५ टक्के खाली). म्हणजे व्होल्टेज पास. मोजलेल्या आकड्यांवरून १२ व्होल्टचा एकूण भारही २७६ च्या आसपास येतो, लेबलच्या आतच.

अनेक जण इथे थांबतात आणि कार्ड लावून मोकळे होतात. पण २८८ पैकी २७६ म्हणजे ९६ टक्के, पाच वर्षं वापरलेल्या एसएमपीएसवर, मे महिन्यात. शिवाय मल्टिमीटर आणि वॅटमीटर दोन्ही सरासरी दाखवतात. कार्ड मिलिसेकंदाच्याही आत सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि ३० मालिकेतली कार्डं त्याबाबत बदनाम आहेत. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार पेलण्याची अट घातली गेली ती या उसळ्यांमुळेच. २०१९ चा स्वस्त एसएमपीएस बनवताना असलं काही डोळ्यांसमोर नव्हतं.

१४ मे

कार्ड आणलं, २६,५०० रुपये. दुकानदाराने प्रेमाने एक जोड-वायर फुकट दिली: दोन साटा प्लग (डिस्कला वीज देणारे) एका बाजूला, आठ पिनांचा प्लग दुसऱ्या बाजूला. ही कधीच लावू नये. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एका प्लगला फार तर ५४ वॅट. दोन मिळून १०८, आणि तेही भार बरोबर निम्मा-निम्मा वाटला गेला तर. आठ पिनांच्या प्लगातून कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. साटाचे प्लग वितळलेले, काळे पडलेले दिसतात ते यातूनच. जोड-वायर परत केली, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मशीनमध्ये जाऊ नये असं सांगूनच परत केली.

जुन्या एसएमपीएसला कार्डासाठी ६+२, म्हणजे आठ पिनांची, एक वायर होती. वायरीच्या अंगावर १८ एडब्ल्यूजी छापलेलं आहे का ते पाहिलं, होतं. हा जाडीचा आकडा, जितका मोठा तितकी वायर बारीक. २० असती तर तिच्यावर हे कार्ड लावलं नसतं, चाचणीपुरतंही नाही.

कार्ड बसवलं आणि एनव्हिडिया-एसएमआय या कमांडच्या पॉवर लिमिट पर्यायाने १२० वॅटवर बांधलं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. हे बंधन मशीन पुन्हा सुरू झालं की निघून जातं, हे लक्षात ठेवावं. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने केलं तर ते लॉगिननंतर पुन्हा लागतं, पण बूट होईपर्यंत कार्ड मोकळंच असतं.

१२० वर दोन्हींचा भार ४० मिनिटं चालला. भिंतीवर २९५, मोलेक्सवर ११.६६, कार्डाच्या प्लगच्या पाठीमागून ११.५८. सगळं ठीक दिसलं. संध्याकाळी ब्लेंडरचा सीन उघडला, रेंडर (सीनचं अंतिम चित्र काढणं) दाबला, पडदा काळा, मशीन आपोआप पुन्हा सुरू.

१५ आणि १६ मे

या दोन दिवसांतले पाच तास वाया गेले, म्हणून सविस्तर.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद. ही नोंद फक्त 'मशीन नीट बंद न होता बंद झालं' एवढंच सांगते. तिच्यावरून एसएमपीएसला दोष देता येत नाही, आणि सोडताही येत नाही. आम्ही रॅमकडे गेलो. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर न लावता दिवसा बसून पाहत राहिलो, चार फेऱ्या, एकही चूक नाही. मग ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा घातला. तरीही रेंडर सुरू होताना दर तीन-चार वेळांत एकदा काळा पडदा.

आधी पाहायला हवं होतं ते हे: मशीन बंद कसं पडतं. बंद होऊन मेल्यासारखं राहिलं, मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठलंच नाही, तर बहुतेक वेळा एसएमपीएसच्या संरक्षणाने लाइन तोडलेली असते. काळं होऊन स्वतःच पुन्हा सुरू झालं, तर व्होल्टेज क्षणभर खचलं, एसएमपीएसकडून बोर्डाला जाणारा 'पॉवर ठीक' हा संकेत तुटला आणि बोर्डाने रीसेट घेतला, ही शक्यता मोठी. इथे दुसरा प्रकार होता. ड्रायव्हरचा गोंधळ असता तर पडदा गोठतो किंवा निळा होतो, इतक्या स्वच्छपणे रीसेट होत नाही.

१७ मे

भार बदलत बदलत पाहिलं. वायर, सीन, खोली सगळं तेच. दुपारी खोलीत ३७ अंश.

कार्ड १०० वॅटवर (या कार्डाची खालची मर्यादा): तीन तास, रेंडर वीस वेळा सुरू-बंद केला, एकदाही नाही.
१२० वर: सातव्या वेळी रीसेट.
बंधन काढून १७० वर: पहिल्याच रेंडरला, ९० सेकंदांच्या आत.

भार स्थिर असताना मशीन चालतं, भार एकदम चढताना पडतं. सतत एकसारखा भार देणारी चाचणी ४० मिनिटं पास झाली होती ती यामुळेच, तिच्यात चढ-उतार नसतात. असल्या कामासाठी रेंडर सुरू-बंद करणं किंवा ओसीसीटीत बदलता भार लावणं हीच खरी परीक्षा.

टॉर्च लावून एसएमपीएसच्या जाळीतून आत पाहिलं. बाहेर पडणाऱ्या वायरींच्या मुळाशी एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं स्पष्ट दिसत होतं. बाकी काही पाहायची गरज राहिली नाही. एसएमपीएस उघडू नये. आतला मोठा कपॅसिटर २३० व्होल्टच्या शिखरावर, म्हणजे सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. हिरवी आणि काळी वायर यू-पिनने जोडून पंखा फिरतो का पाहण्याची पद्धतही इथे कामाची नाही. त्यातून एसएमपीएस चालू होतो एवढंच कळतं, भार पेलतो की नाही ते कळत नाही.

१८ मे

नवा घ्यायचा. निकष वहीत असे लिहिले: १२ व्होल्टची एकच लाइन, त्यावर किमान ४५ अँपिअर. ६+२ च्या दोन वेगळ्या वायरी. क्षमता ५० अंशांवर दिलेली असावी, २५ वर नाही. माळव्यातल्या उन्हाळ्यात, टेबलाखालच्या कॅबिनेटात, २५ अंश कुठून येणार? पाच वर्षांची हमी.

५५० वॅटचा चांगला पुरला असता. ६५० शी फरक ७०० रुपयांचा होता आणि पुढचं कार्ड २०० वॅटच्या वरचंच असेल, म्हणून ६५० घेतला. कार्यक्षमतेचा दर्जा ब्रॉन्झ, १२ व्होल्टवर ५४ अँपिअर म्हणजे ६४८ वॅट. ५,४०० रुपये. त्याहून वरच्या गोल्ड दर्जाला दोन हजार जास्त पडत होते. दिवसाला सहा तास चालणाऱ्या मशीनवर तेवढी वीज वाचत नाही.

२० मे

बसवायला तासाभराचं काम, लागले साडेतीन.

नवा एसएमपीएस जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडला. पिंजरा खालून दोन स्क्रूंनी धरलेला होता, तो पुढच्या भोकांवर सरकवला. मग प्रोसेसरची ४+४ वायर. एसएमपीएस खाली, सॉकेट वर डाव्या कोपऱ्यात, आणि वायर मदरबोर्डाच्या पत्र्याच्या मागून नेली तर चार बोटं कमी पडली. विकत घेताना वायरींची लांबी पाहिलीच नव्हती, ती माहिती कंपनीच्या पानावर होती. बोर्डाच्या पुढून नेली असती तर कार्डाच्या पंख्याला लागली असती. पुन्हा जेल रोड, एक्स्टेंशन वायर २८० रुपये, आणि एवढ्यासाठी भर उन्हात दीड तास.

जोडताना दोन गोष्टी जपाव्यात. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग ४+४ फुटतो, कार्डाचा ६+२. दिसायला सारखे, पण आत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. खाचा वेगळ्या आहेत, सहज जात नाही, जोर लावला तर मात्र जातो. तेव्हा जोर लावू नये. दुसरं, सुट्या वायरींच्या एसएमपीएसमध्ये जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या वायरी वापरू नयेत. कार्डाच्या बाजूचा प्लग सारखा असतो, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी सारखी असेलच असं नाही. हार्ड डिस्क जळते ती अशी.

२१ मे

बंधन नाही, कार्ड पूर्ण १७० वर. दोन्हींचा भार: भिंतीवर ३२७ वॅट. मोलेक्सवर १२.०३, कार्डाच्या प्लगच्या मागून ११.९६. नुसतं चालू असताना भिंतीवर ४७, आधीपेक्षा ७ कमी. रेंडर ५० वेळा सुरू-बंद केला, दुपारी तीनच्या उकाड्यात, एकदाही रीसेट नाही. नुसत्या ब्लेंडर रेंडरला २३५ च्या आसपास.

काम संपलं असं वहीत लिहिलं होतं.

२३ मे

दुपारी लाइट गेली आणि यूपीएस असूनही मशीन पडलं.

यूपीएस ६०० व्हीएचा. व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. मागच्या पट्टीवर ३६० वॅट लिहिलेले. ३२७ चं कॅबिनेट आणि २६ चा मॉनिटर मिळून ३५३, म्हणजे काठावर. त्या वेळी दुकानात व्हिडिओ एक्सपोर्ट चालू होता, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही भारावर. एसएमपीएस निवडताना यूपीएस हिशोबात धरलाच नव्हता, ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. जुन्या कार्डावर तो आरामात चालत होता म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही.

चाचणी करताना यूपीएसचा प्लग उपटू नये, भिंतीच्या बोर्डाचा स्विच बंद करावा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. पूर्ण भारावर स्विच बंद केला: लांब बीप, सेकंदाभरात मशीन बंद. फक्त रेंडरवर: चाललं, पण जेमतेम दोन मिनिटं. बॅटरीवर असताना असल्या यूपीएसची लहर साइन नसते, पायऱ्यांची असते, त्यामुळे तेव्हाचे वॅटमीटरचे आकडे धरले नाहीत.

२५ मे

मोठा यूपीएस, ११०० व्हीए वगैरे, घेतला नाही. दुकानाची गरज फाइल जतन करून मशीन बंद करण्यापुरती आहे. कार्ड १४० वॅटवर बांधलं. तोच सीन ८ मिनिटं १० सेकंदांऐवजी ८ मिनिटं ३५ सेकंदांत झाला. पूर्ण भार भिंतीवर २९२, मॉनिटर धरून ३१८. यूपीएसची बॅटरी चार वर्षं जुनी होती, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास, ती बदलली, ९५० रुपये. पूर्ण भारावर स्विच बंद करून तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा साडेतीन मिनिटांच्या वर चाललं.

खर्च: वॅटमीटर १,१५०, एसएमपीएस ५,४००, एक्स्टेंशन २८०, बॅटरी ९५०. कार्ड सोडून ७,७८०. वेळ साधारण वीस तास, त्यातले आठ वाया.

जुना एसएमपीएस दुसऱ्या कोणाला दिला नाही, वायरी कापून ई-कचऱ्यात टाकला. कॅबिनेटच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे: 'कार्ड १४० वॅट, आफ्टरबर्नरमधून. यूपीएस ३६० वॅट. यूपीएसवर प्रिंटर लावू नये.'